नाल्याच्या कोपरातली अंगणवाडी

हिवरदऱ्यात सार्वजनिक कामासाठी जमीन दान करण्याची जुनी रीत आहे, आणि त्या रीतीला एक शिस्तही आहे. जिथे काहीच पिकत नाही, तीच जमीन दान करायची. शाळा खडकावर आहे, दवाखान्याची खोली स्मशानाला लागून आहे आणि समाजमंदिर जिथे उभे आहे तिथे पूर्वी मेलेली जनावरे टाकत. या परंपरेला जागून किसनरावांनी अंगणवाडीसाठी पाच गुंठे जाहीर केले, तेव्हा ग्रामसभेने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी तेवढे विचारले, "कोणते पाच?"

ते पाच गुंठे नाल्याच्या कोपरात होते. हिवरदऱ्याचा नाला तिथे हात दुमडावा तसा वळतो, आणि मोठा पूर आला की वळायचा कंटाळा करून सरळ निघतो.

वच्छलाबाई एकवीस वर्षे गावच्या अंगणवाडी सेविका होत्या. अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे. बत्तीस पोरे, एक पातेले आणि एक वजनकाटा, एवढाच संसार. बाईंचा शब्दांवर विश्वास कमी आणि काट्यावर जास्त. पोरगे चांगले जेवते असे आईने छातीठोकपणे सांगितले, की त्या "हो काय?" म्हणत आणि पोर काट्याला टांगत. नवऱ्यालाही त्या गेली तीस वर्षे साधारण याच पद्धतीने ऐकत आल्या होत्या.

ती दोन हजार सहाच्या आसपासची वर्षे. कापसाला भाव नव्हता, गावांना मात्र आला होता. शेतकरी आत्महत्यांच्या पाहणी पथकांच्या गाड्या झरी जामणी तालुक्याच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ उडवीत फिरत. आलेल्या पाहुण्याला काहीतरी दाखवावे लागते. दुःखाला रंग देता येत नाही, इमारतीला येतो. तेव्हा इमारतींसाठी निधी आला, आणि तो मार्चअखेर संपवायचा होता.

माघात मंदार नावाचा तरुण अभियंता जागा पाहायला आला. पुसदचा, तीन पिढ्या कचेरीत घालवलेल्या घरातला, अत्यंत सभ्य मुलगा. त्याच्याजवळ छापील तक्ता होता आणि तक्त्यात 'जवळचा जलप्रवाह' असा रकाना होता. नाला इथून किती लांब, असे त्याने विचारले.

"तुमी त्याच्यातच उभे आहा, साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या.

मंदारने खाली पाहिले. बूट कोरडे होते. त्याने रकान्यात 'नाही' असे लिहिले.

गावचा गवंडी गोविंदा याची परीक्षा निराळी होती. ओल आटली की काळी जमीन भेगाळते. त्या भेगेत वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची काटकी, सोडायची, आणि ती जिथवर उतरेल त्याच्याही खाली पाया न्यायचा. इथे अख्खी पऱ्हाटी गडप झाली. त्याने तिला दुसरी बांधली, तीही गेली. मग त्याने मंदारला समजावले, की ही माती पावसात कणकेसारखी फुगते आणि उन्हात आकसते, मुरूम दहा फुटांखाली आहे, तिथवर गेल्याशिवाय भिंत जागेवर राहायची नाही. मंदारने आदराने ऐकून घेतले. पण नकाशा साऱ्या जिल्ह्याला एकच होता, त्यात पाया चार फूट होता आणि पऱ्हाटीसाठी जागाच ठेवलेली नव्हती.

इमारत वेळेत झाली. भिंतीवर पोपट, आंबा आणि गणपती रंगवले. दर्शनी बाजूला किसनरावांच्या वडिलांच्या नावाचा संगमरवरी दगड बसला आणि किसनराव रोज सकाळी तो उपरण्याने पुसू लागले. वैशाखात पहिली भेग पडली. ती पोपटाच्या चोचीतून निघून गणपतीच्या पोटापर्यंत गेली. मंदारने सिमेंट भरून घेतले. महिन्याभरात भेग शेजारून पुन्हा निघाली. खिडकीतून न पाहताही बाहेरचे दिसू लागले.

"नव्या घराचं अंग मोकळं होत राह्यते," किसनराव पारावर सांगत.

घरात मात्र अबोला होता. वरून पत्र आले होते, की सेविकेने इमारतीचा ताबा घ्यावा, अन्यथा केंद्र दुसऱ्या गावी हलवले जाईल. ताबा घेतला तर बत्तीस पोरे पावसाळ्यात नाल्याच्या वाटेत बसणार होती. न घेतला तर त्यांची खिचडीही जाणार होती. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, हे वच्छलाबाईंनाही मान्य होते. पण त्या गाईवर बत्तीस पोरे बसवायची असली, तर निदान ती उभी राहते का, एवढे तरी पाहायला नको?

ज्येष्ठात किल्ली देण्याच्या कार्यक्रमाला सारा गाव जमला. मंदारने तबकातली किल्ली पुढे केली. वच्छलाबाईंनी पदर सावरला, हात मात्र पुढे केला नाही.

"ज्याच्या वाडवडलांच्या नावाची वास्तू, त्यानं आधी घरभरणी करावी, अशी आपल्याकडची रीत आहे," त्या म्हणाल्या. नवऱ्याचे नाव त्या घेत नसत, मुलीचे घेत. "सलोनीच्या बाबांनी पोळ्यापर्यंत इथं राहावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बत्तीसच्या बत्तीस पोरं घेऊन येतो आन् सही करतो."

अशी कोणतीही रीत हिवरदऱ्यात नव्हती. पण कोणी तसे म्हटले नाही, कारण पुढे काय होते ते सगळ्यांनाच पाहायचे होते.

"बापाच्या नावासाठी तीन महिने काय, तीन वर्स राहीन," किसनराव म्हणाले आणि त्याच दिवशी बाज, घागर आणि पानाचा डबा घेऊन राहायला गेले.

आषाढ बरा गेला. नाला घोट्याएवढा वाहिला. किसनराव दारात बाज टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजत आणि बायकोच्या भित्रेपणाच्या गोष्टी सांगत. वच्छलाबाई रोज डबा पाठवीत आणि पोरांना ओसरीतच बसवीत. श्रावणात झड लागली. काळी माती फुगली, भेगा आपोआप बुजल्या, आणि किसनरावांनी गोविंदाला बोलावून त्या बुजलेल्या भेगा बोट लावून दाखवल्या. गोविंदाने भिंत पाहिली नाही, चौकट पाहिली. तो जाताना एवढेच म्हणाला, "दार लावून घेऊ नका, पाटील."

पोळा तीन दिवसांवर असताना, सकाळी नऊच्या सुमारास नाला सरळ निघाला. पावसाची झोड आत येते म्हणून किसनरावांनी दार ओढून घेतले होते. पाणी जोत्याला लागले तेव्हा त्यांनी ते उघडू पाहिले. पण खालच्या मातीने भिंत उचलली होती आणि चौकटीने दार दाबून धरले होते. खिडक्यांना गज होते. ओसरीतल्या पोरांना किसनरावांची हाक ऐकू आली. वच्छलाबाईंनी पातेले चुलीवरून खाली ठेवले, बैलांचे दोर घेतले आणि गोविंदाला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या.

आत किसनराव बाजेवर उभे होते आणि बाज तरंगण्याच्या विचारात होती.

गोविंदाने पहारीचा एकच हिसका दिला आणि खिडकी गजांसकट बाहेर आली. कामाच्या दर्जाबद्दल त्या इमारतीत समाधान व्यक्त झाले ते त्या दिवशी, पहिल्यांदाच. दोराला धरून किसनराव आधी डोक्याने आणि मग पोटाने, अशा क्रमाने या जगात परत आले.

वच्छलाबाईंनी दोर गुंडाळून खांद्यावर टाकले. तीस वर्षांत त्यांना बोलायची इतकी चांगली संधी मिळाली नव्हती, आणि ती त्यांनी वाया जाऊ दिली. किसनरावांना हेच सर्वांत जड गेले. ओसरीत ओल्या कपड्यांनी बसून त्यांनी पोरांच्या रांगेत खिचडी खाल्ली, आणि शेवटी स्वतःच विषय काढला.

"कोणती पाहिजे तुले?"

"टेकाडावरची. खळ्याची."

"ते तर सोनं आहे."

"म्हणूनच मागून राह्यले."

खळ्याचे पाच गुंठे लिहून देताना किसनरावांचा हात तीनदा थांबला. मंदार कागद घेऊन समोर बसला होता. या खेपेला त्याने तक्त्यातला रकाना भरायच्या आधी वच्छलाबाईंकडे पाहिले. मंजुरी यायला दोन वर्षे लागणार होती. तोवर टिनाचे छप्पर टाकून तिथे पोरे बसवायची, असे ठरले.

सही झाल्यावर किसनराव हळूच म्हणाले, की इथे तरी बापाच्या नावाचा दगड बसवता येईल ना.

"बसवू," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन पावसाळे जाऊ द्या."