शेळीची हळद

गटातल्या बायांनो, आज सकाळचंच सांगते. आत्ता लिहितानाही माझी बोटं पिवळी आहेत.

आमच्या शेळीच्या मानेवर नायटा उठलाय. सासूबाईंनी ओली हळद वाटून तेलात कालवली आणि मला लावायला दिली. हळदीनं नायटा मरतो, हे मुळशीत पोरासोरांनाही ठाऊक आहे.

तोच नायटा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातावर कोपरापर्यंत चढलाय. धरणाच्या कामावर गेलेले थोरले दीर तापानं वारले, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून जाऊबाईंना हळद बंद. रात्रंदिवस खाजवतात.

हळद लावून मी पाणी आणायला गेले. परत येते तर जाऊबाई शेळीच्या मानेला हात घासत होत्या. माझ्या मागोमाग सासूबाई आल्या.

"रांडमुंड बाईच्या अंगाला हळद? कुणी लावली गं?"

"शेळीची लागली, आत्याबाई. लई खाजतंय. शेळीला चालती, मला न्हाई व्हय?"

"शेळीनं नवरा न्हाई खाल्ला."

मग सासूबाईंनी चुलीतली राख आणि काथ्या घेऊन तो हात घासला. पिवळं गेलं आणि रक्त दिसलं, तेव्हा थांबल्या. मी शेळीचं दावं धरून उभी होते.

जाताना मला म्हणाल्या, "शेळीची हळद पुसली. पुन्यांदा लाव."

मी लावली. जाऊबाईंच्या समोरच, नीट चोळून लावली.

बायांनो, वाटीत अजून हळद होती आणि गोठ्यात आम्ही दोघीच होतो. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी वाटी विसळून पालथी घातली.