दोरीचं वरचं टोक

आमच्या वन्संना सगळी गल्ली निशाणबाई म्हणे. त्यांना ते मुळीच आवडत नसे. "निशाणबाई म्हणजे काय? मी काय खांबावर राहते?" असं त्यांनी एकदा दूधवाल्याला सुनावलं होतं. बिचारा आठवडाभर दूध दारात ठेवून पळत असे.

वन्सं माझ्या यजमानांच्या धाकट्या बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. एकोणिसाव्या वर्षी त्या निशाणांच्या सरकारी कारखान्यात लागल्या आणि चाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर सांगत, "बघायला आलेल्या मुलाच्या सदऱ्याची कॉलर वाकडी होती. माझं सगळं लक्ष तिकडेच." हे गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो.

कारखाना म्हणजे एक जुनं गोदाम. चार लांब टेबलं, उंचावर खिडक्या, खाली कापडाचे गठ्ठे. देशातलं प्रत्येक सरकारी निशाण तिथेच शिवलं जाई. वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. तीन पट्टे, बाकी काही नाही. शाळेत आम्हांला शिकवलं होतं की लाल म्हणजे हुतात्म्यांचं रक्त, पांढरा म्हणजे शांती, निळा म्हणजे समुद्र. मी ते लग्नानंतर एकदा जेवताना म्हणून दाखवलं, तर वन्संना ठसका लागला.

त्यांना काम शिकवलं ते म्हाताऱ्या मास्तरांनी, आणि पहिलं निशाण मास्तरांनीच शिवलेलं. ते सांगत, स्वातंत्र्याला दोन दिवस उरले तरी समितीचं भांडण चालूच होतं. एकाला मध्यभागी सूर्य हवा, दुसऱ्याला झाड हवं, तिसऱ्याला सूर्य नको, कारण पहिल्याला तो हवा. शेवटी मास्तरांनी बंदरावरचं गोदाम उघडायला लावलं. त्यात पुरेसं असं तीनच रंगांचं कापड निघालं. पलटणीच्या कोटांचं लाल अस्तर, इस्पितळाच्या चादरी आणि खलाशांच्या गणवेशाचं निळं. लाल सर्वांत जाड, आणि वाऱ्याचा मार वरच्या कडेला जास्त, म्हणून लाल वर. अर्थ मागाहून आले. पुढे सरकार बदललं तेव्हा लाल म्हणजे श्रम झाला, त्यानंतरच्यांनी त्याला शौर्य केलं.

"कापड तेच, वहिनी," वन्सं म्हणत. "अर्थ मात्र सरकारागणिक नवा. आपण शिवण सरळ घालावी."

एक अर्थ मात्र कधी बदलला नाही. निशाण उलटं लावलं, निळा वर आणि लाल खाली, तर त्याचा अर्थ आम्ही संकटात आहोत, धावा. बुडत्या जहाजांवर ते तसं लावत. म्हणून निशाण उलटं चढू नये याची सोय कारखान्यातच केलेली असे. खांबाकडच्या कडेला जाड कॅनव्हासची नळी शिवायची आणि तिच्यातून दोरी ओवायची. दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी, खालच्या टोकाला फास. चढवणारा माणूस रंग बघत नाही, कारण निशाण गुंडाळी करून, शिक्का मारून त्याच्या हाती येतं. तो फक्त खुंटी वर आणि फास खाली अडकवतो. निशाण टोकाला पोचलं की झटका द्यायचा. गुंडाळीची गाठ सुटते आणि निशाण उघडतं.

ती दोरी ओवणं वन्संचं काम. बाकी निशाण टेबलावर पलीकडे ढीग होऊन पडलेलं असे आणि समोर नुसती कॅनव्हासची पांढरी पट्टी, दोन्ही टोकं सारखी. म्हणून ओवण्याआधी कोपरा उलगडायचा आणि लाल कुठे आहे ते बघायचं. त्यांच्या निवृत्तीच्या तीनेक वर्षं आधी कुठल्याशा जिल्हा कचेरीवर उलटं निशाण चढलं होतं. ते दुसऱ्या टेबलावरचं होतं. चूक ओवणाऱ्याची की चढवणाऱ्याची हे कधी ठरलंच नाही, पण चढवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून वन्सं कोपरा दोनदा बघत.

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचं निशाण त्यांच्याकडे आलं तेव्हा निवृत्तीला सात महिने होते. ते आजवरचं सर्वांत मोठं निशाण. उद्घाटन बुधवारी सकाळी दहाला होतं, आणि वन्संना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मंगळवारी दुपारी मुकादम एका वार्ताहर बाईंना आणि फोटोवाल्याला घेऊन टेबलाशी आले. तेव्हा वन्सं दोरीच ओवत होत्या.

बुधवारी सकाळी पावणेसातला आम्ही दोघी वाळलेली चादर घडी करत होतो. वन्सं एकदम थांबल्या.

"धरा की नीट," मी म्हटलं.

"वहिनी, काल मी कोपरा बघितला नाही."

"कसला कोपरा?"

"निशाणाचा. त्या बाईनं विचारलं, लाल रंगाचा अर्थ काय? आणि मी मास्तरांची गोष्ट सांगत बसले. गोदाम, अस्तर, चादरी. ती हसत होती. मला चेव चढला. गोष्ट संपली तेव्हा दोरी ओवून झाली होती."

"चाळीस वर्षांची सवय आहे. हातानं आपोआप बघितला असेल."

"हात बघत नाहीत. डोळे बघतात, आणि डोळे कॅमेऱ्याकडे होते." त्यांनी चादरीचं टोक सोडून दिलं.

त्यांनी मुकादमांना फोन लावला. मुकादमांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "बाई, चांगले कपडे घाला, खुर्चीत बसा, टाळ्या वाजवा. शंकेवर सरकार थांबवायचं का?"

"आणि उलटं निघालं तर?"

"कशाला निघेल? तुम्ही शिवलंय!"

वन्संनी फोन ठेवला. पाच मिनिटांत दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. मी म्हटलं, "जायचंच असेल तर मलाही घेऊन चला. इथे फेऱ्या घालून फरशी झिजवू नका." सभागृहाकडे जाणारी बस चौकात अडकली. वन्सं तीन थांबे आधीच उतरल्या आणि अशा चालू लागल्या की मला धावावं लागलं. वाटेत एकदाच बोलल्या. "खुंटी डाव्या हाताला होती एवढं आठवतं. डाव्या हाताला लाल होता की निळा ते काही केल्या आठवत नाही."

निमंत्रणाचा पास असल्यामुळे दारावर अडवलं नाही. मागच्या जिन्यानं आम्ही गच्चीवर गेलो. खांबाशी निशाण चढवणारे गृहस्थ उभे होते, पन्नाशीचे, मिशा नीट कातरलेले. त्यांना सगळे दोरवाले म्हणत. शेजारी स्टुलावर गुंडाळी, तिच्यावर लाखेचा शिक्का.

"दोरवाले, हे उघडून बघायचंय," वन्सं म्हणाल्या. "दोरी मी ओवली. उलटी असायची शक्यता आहे."

दोरवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "बाई, मी खुंटी वर बघतो, फास खाली बघतो. रंगांशी माझा संबंध गाठ सुटल्यावर."

"आणि गाठ सुटल्यावर निळा वर दिसला तर?"

"तर नोकरीशीही सुटला. घरी पाच माणसं आहेत माझ्या." ते गुंडाळीकडे टक लावून बघू लागले, जणू तिच्या आत साप असावा. "पण शिक्का मला तोडता येत नाही. साहेबांना बोलवावं लागेल."

साहेब आले तेव्हा नऊ वीस झाले होते. काखेत सकाळचा पेपर, त्यात वन्संचा फोटो. समारंभाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"उलटं आहे अशी खात्री आहे तुम्हाला?"

"नाही. खात्री असती तर मुकादमांनी फोनवरच ऐकलं असतं. खात्री नाही म्हणून आले."

"हे उत्तर झालं का? शिक्का तोडायचा तर कारण लागतं. लेखी."

"कागद द्या."

"चाळीस वर्षांच्या नोंदीवर डाग पडेल, बाई. आणि स्वतःच्या कामाची खात्री नाही असं लिहून देणाऱ्याला मला पहिल्या रांगेत बसवता येणार नाही. पाहुण्यांना तुमची ओळख काय म्हणून करून देऊ?"

वन्संनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला विचारलं असतं तर मी घरी चला असंच म्हटलं असतं. मग त्या म्हणाल्या, "बसायची सवय नाहीच मला. टेबलाशी उभंच राहावं लागतं."

त्यांनी स्टुलावर कागद ठेवून तीन ओळी लिहिल्या आणि सही केली. साहेबांनी शिक्का तोडला. दोरवाल्यांनी आणि वन्संनी दोन बाजूंनी गुंडाळी सोडली. वन्संचा हात खुंटीपासून कापडाकडे सरकला आणि कोपरा उलटला.

लाल.

दोरवाले मोठ्यानं हसले, मग साहेबांकडे बघून दोर तपासू लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं. "झालं समाधान? आता हे पुन्हा गुंडाळा, आणि दहाच्या आत."

दहाच्या आत काही झालं नाही. एवढं मोठं कापड वाऱ्यात गुंडाळायला दोघांना वेळ लागला. खाली बँडवाल्यांनी एकच धून दोनदा वाजवली. दहा वाजून अकरा मिनिटांनी निशाण वर गेलं. आम्ही ते मागच्या अंगणातून, उभ्या केलेल्या गाड्यांमधून बघितलं. झटका बसला, गाठ सुटली, लाल वर उघडला. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

"बघितलंत?" मी म्हटलं. "बरोबर होतं. उगीच जिवाला घोर लावून घेतलात."

वन्संनी मान हलवली, पण त्या वर बघत नव्हत्या. आपल्या हातांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुकादम कारखान्याच्या दारातच म्हणाले, "या, या! स्वतःच्याच हातांवर फिर्याद करणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय." सगळी टेबलं हसली. वन्संनी पिशवीतून दोरी ओवायची लांब लोखंडी सुई काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"मला पट्टे जोडायच्या कामावर टाका. दोरी दुसऱ्या कोणाला द्या."

"अहो, निशाण बरोबर निघालं!"

"निघालं. पण मला ठाऊक नव्हतं."

मुकादमांनी आधी थट्टा केली, मग समजूत घातली, मग चिडून सुई तिसऱ्या टेबलावरच्या बाईंना दिली. उरलेले सात महिने वन्संनी लाल पट्टा पांढऱ्याला आणि पांढरा निळ्याला जोडला. तिसऱ्या टेबलाकडे त्या मुद्दाम पाठ करून उभ्या राहत. तरी दिवसातून दोन-तीनदा शिवण अर्धी टाकून तिकडे जात, असं त्या बाईच मला नंतर सांगत होत्या.

"कोपरा बघितलास ना गं?"

"बघितला, बाई. आत्ताच बघितला."

"बघताना कोणाशी बोलत नव्हतीस ना?"

"तुमच्याशीच बोलतेय की!"

"मग पुन्हा बघ," वन्सं म्हणत, आणि त्या बाईंनी बघेपर्यंत तिथून हलत नसत.