कुठल्या गुरुवारी येऊ?

बाईंनी माझा चहाचा कप पकडीने उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझ्यादेखत. माझ्या नवऱ्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्याला एचआयव्ही होता, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"आधी रक्ताचा रिपोर्ट आण. मग बघू."

प्रभादेवीच्या त्या टॉवरमध्ये मी नऊ वर्षं पोळ्या लाटल्या. त्या सकाळच्या वीस पोळ्या टेबलावरच होत्या. साहेबांचा डबाही त्यातूनच गेला. बाटला तो फक्त कप. मी मान खाली घालून निघाले, आणि त्याची मला आजही चीड येते.

नवऱ्याची तपासणी एका मोठ्या इस्पितळात झाली होती. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. मग दुसरी तपासणी, पुन्हा गुरुवार. मग गोळ्यांचे कागद, आणखी एक गुरुवार. खिडकीतून त्याचं नाव आणि आजार मोठ्याने पुकारायचे. रांग वळून बघायची. चौथ्या गुरुवारी तो घरातून निघालाच नाही. एकही गोळी न घेता मेला.

मी लालबागच्या दवाखान्यात गेले. तिथल्या ताईंनी बोटाला सुई टोचली. तासाभरात, त्याच बाकावर, सगळं कळलं. मलाही होता. खूप रडले. मग सवयीने विचारलं, "कुठल्या गुरुवारी येऊ?"

"गुरुवार कशाला? डॉक्टर बघतील, गोळ्या आजच सुरू करू."

पहिली गोळी तिथेच घेतली. घेताना संताप आला. त्यालाही हे एका दिवसात मिळायला हवं होतं.

सहा महिन्यांनी ताई म्हणाल्या, विषाणू आता तपासणीत सापडतही नाही, फक्त गोळ्या चुकवू नका. त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. नव्या बाईच्या पोळ्या वातड होतात म्हणे.

"रिपोर्ट चांगला असेल तर दाखव आणि ये. कप वेगळा ठेवू."

चांगला रिपोर्ट पिशवीतच होता. दाखवला असता तर काम परत मिळालं असतं.

"रिपोर्ट मागायचा तुम्हाला कायद्याने हक्क नाही," मी म्हटलं. "आणि त्या दिवशीच्या पोळ्या तुम्ही खाल्ल्यात. तेव्हा नाही विचारलंत."

फोन ठेवला.

आता दादरच्या पोळीभाजी केंद्रात लाटते. चाळीत कुणाला धास्ती वाटली की त्याला हाताला धरून तपासणीला नेते आणि टेबलाशी उभी राहते. कुणी 'पुढच्या गुरुवारी या' म्हणालं, तर मी तिथून हलणार नाही.