सिनेमा संपला आणि विळा खुंटीवर नव्हता

मित्रांनो, गोठ्यातूनच लिहून राह्यलो.

आज दुपारी घरी सगळे मिळून टीव्हीवर सिनेमा बघत होतो. त्यातल्या माणसाला कानात आवाज येतात. मंग तो डोळे फिरवत हसतो आणि कोयता घेऊन बायकोमागं धावतो.

मलाही आवाज येतात, हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. ते मला नुसत्या शिव्या देतात. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्यापासून तेही बरेच कमी झालेत. मी आजवर कोंबडीवरसुद्धा हात उचलला न्हाई.

सिनेमा संपला, तर कुणी माझ्याकडं बघेना. मी उठून गोठ्यात गेलो. म्हशीचा घास कापायचा विळा खुंटीवर नव्हता.

"आई, विळा कुठंय?"

"राहू दे बाबू, आज मी कापते." आई दारातच उभी राहिली. आत आली न्हाई.

विळा आत्ता सापडला, कडब्याच्या गंजीमागं. परत खुंटीला लावायचा तर आधी हातात घ्यावा लागंल. तेवढ्यात आई आली, तर तिला काय दिसंल?

तुम्हीच सांगा, उचलू का?