वाटेवरची फक्की

नालवाडीकडं लोकं सकाळी फिराले जाते, त्या पायवाटेवर माही चहाची टपरी हाय. वाटेले लागून मोठं हॉटेल बांधाचं होतं. कोणाची हरकत हाय का, म्हणून नगरपालिकेनं नकाशा दाखवाले आमाले बोलावलं. मी शाळेत गेलो नाई, पण नकाशा पाहून मान अशी हालवली का बाजूचे लोकं मलेच इंजिनियर समजले.

हॉटेलचे आर्किटेक्ट साहेब म्हणे, "काका, वाटेले धक्काबी लागत नाई."

मी म्हटलं, "मले कागद समजत नाई. घर बांधाच्या आंधी आमी जमिनीवर चुन्याची फक्की मारतो. तशी मारून दाखवा."

साहेब हासले. म्हणे, "काई गरज नाई."

"मंग मीच मारतो!"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या बाईनं नकाशातल्या मापानं टेप धरला, मी फक्की टाकली. साहेबबी मजा पाहाले आले. हॉटेलच्या गाड्याइच्या रस्त्यानं अर्धी पायवाट खाल्ली! फिरणारे थांबून पाहू लागले. मी छाती फुगवून उभा.

तेवढ्यात बाई म्हणे, "काका, आता पायवाटेच्या हद्दीचीबी रेघ मारा."

मारली. ते निघाली सीधी माह्या टपरीतून, स्टोव्हच्या खालून.

साहेब म्हणे, "काऊन काका, आता?"

मी स्टोव्ह बंद केला. मंग चार फिरणाऱ्याइले हाक मारली, टपरी उचलली अन् दोन हात मांगं ठेवली. चहा सांडला, तोबी माह्याच पायावर.

लंगडत लंगडत म्हटलं, "मी सरकलो, साहेब. आता तुमचा नंबर."