अर्धा गिलास

सिरसाळ्याच्या आमच्या गोदामात पिण्याच्या पाण्याचा जार मुकादमांच्या ताब्यात असे. कोणीही आलं तरी ते अर्धाच गिलास भरत. "घसा वला करायचा, पोहायचं न्हाई," असं मालकालाही ऐकवत. माझी पत्नी वारल्यावर मी कारकुनीवर परतलो, तेव्हा सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मुकादमांनी मात्र नेहमीसारखाच अर्धा गिलास पुढे केला.

एका दुपारी थप्पीवरचं ब्लीचिंग पावडरचं पोतं माझ्यासमोर फाटलं आणि डोळ्यांत आग उसळली. मी डोळे चोळू लागलो. एक हमाल ओरडला, "गुलाबपाणी आणा!"

"गुलाबपाणी कशाला रं? वरात हाय का?" असं म्हणत मुकादमांनी माझे हात ओढले, मला आडवं पाडलं आणि अख्खा जार डोळ्यांवर ओतायला घेतला.

"मुकादम, पुरे!"

"गप पडा! डोळे उघडा, भाऊसाहेब! मिटल्या डोळ्यावर वतायला पाणी फुकट न्हाई!"

जार संपला, तसा त्यांनी मालकाच्या केबिनमधला थंड जार उचलून आणला. शिव्या चालूच होत्या. पत्नी गेल्यापासून माझ्यावर इतक्या हक्कानं कोणी ओरडलं नव्हतं.

लगेच धुतले म्हणून डोळे वाचले, असं बीडचे डॉक्टर म्हणाले.

आठवड्यानं कामावर गेलो. आभार मानणार, तोच मुकादमांनी गिलास पुढे केला. तळाशी जेमतेम घोटभर पाणी होतं.

"इतकंच?"

"तुमचं उन्हाळाभराचं त्या दिवशीच झालंय की!"