शांतवनभाऊंची पापकबुली

पडदा वर जावा तसा रविवार सकाळचा उजेड पिपरी मेघेतल्या लहानशा चर्चमध्ये उलगडतो. लाकडी बाकं, कुरकुरणारे दोन पंखे, वेदीवर उपवासकाळाचं जांभळं कापड आणि पुढच्या बाकाशी गुडघे टेकलेले शांतवनभाऊ. वय त्र्याहत्तर, निवृत्त शाळामास्तर. पापकबुलीची प्रार्थना सुरू झाली की त्यांचा आवाज भरून येतो, खांदे हलतात, रुमाल बाहेर निघतो. मागून प्रमिलाबाई शेजारणीला कोपर मारतात, "पाह्य, पश्चात्ताप करावा तं भाऊनं. आपल्याले तं एक थेंब नाई येत."

रडणं खोटं नव्हतं. पण एकवीस वर्षं तेच रडून माणूस थकून गेला होता.

एकवीस वर्षांपूर्वी ते या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी होते. कुणीतरी कानावर घातलं, समुद्रपूरला मंडळीतली छाया एका माणसासोबत लॉजमधून निघाली. भाऊंनी ते कमिटीत सांगितलं. तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं?" साऱ्यांच्या नजरा त्यांच्यावर. ऐकलेलं आहे म्हणायची लाज वाटली. "या डोळ्यांनी पाहिलं," भाऊ म्हणाले.

मग रीतीप्रमाणे छायाचं प्रभुभोजन बंद झालं. मंडळीपुढं उभं राहून कबुली देईल, तेव्हाच पुन्हा भाकर आणि प्याला. बाप हातापाया पडला, म्हणून ती वीस वर्षांची पोरगी वेदीसमोर उभी राहिली, न केलेल्या पापाची क्षमा मागितली आणि खाली बसली. पुढच्या रविवारपासून ती आली नाही. महिन्याभरात भाऊंना कळलं, त्या दिवशी छाया हिंगणघाटला आजारी मावशीच्या उशाशी होती. ते गप्प राहिले. गप्प राहिले आणि रडू लागले.

यंदा त्यांनी पाळकांना सारं सांगितलं. तरुण पाळक मायेनं म्हणाले, "भाऊ, देवानं केव्हाच क्षमा केली. आता जुनं कशाला उकरता?"

"देवापाशी तं रोजच जातो जी मी. जिच्यापाशी जाचं, तिच्यापाशी गेलो नाई."

दुसऱ्या दिवशी ते ऑटोनं सावंगीला गेले. छाया तिथं मेडिकलच्या पोरांसाठी खानावळ चालवते. त्यांना पाहूनही तिचं लाटणं थांबलं नाही.

"काकाजी, जेवाले आले का?"

त्यांनी सांगितलं. सांगता सांगता हात रुमालाकडे गेला.

"इथं रडू नका," ती म्हणाली. "पोरं जेवून राह्यले. मी कुठं उभी होती, आठवते नं? तिथंच सांगा. माहा बाप ऐकाले राह्यला नाई, पण बाकीचे तं आहेत."

"तू येशील?"

"मंग पोळ्या कोण लाटीन?"

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर मोडण्याआधी भाऊ उठले आणि वेदीसमोर जाऊन मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. देवाच्या अनुभवाची चांगली साक्ष ऐकायला मिळणार म्हणून प्रमिलाबाई सावरून बसल्या. पण भाऊंचा आवाज चढला नाही, भरूनही आला नाही. दमलेला माणूस पत्ता सांगतो तसे ते बोलले.

"छायाले मी लॉजपाशी पाह्यलं नव्हतं. मी खोटं बोललो. तिनं इथं माफी मागतली, ते पाप माह्यं होतं. आता माह्यं प्रभुभोजन बंद करा. किती दिवस, ते तिले विचारा."